मागचं हँडल

दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मिस्त्री कुठं गेलेत?" मी चाकात तोंड घालून बसलेली असते, हात कोपरापर्यंत काळे, पदर खोचलेला, आणि तरी त्या माणसाची नजर माझ्या डोक्यावरून आत मिस्त्री शोधत जाते. पूर्वी मी चिडायची. हल्ली मजा घेते. "जेवायला गेलेत, बसा," म्हणते, त्यांच्यासमोर त्यांच्याच सायकलचं काम उरकते, हवा भरून हातात देते आणि सांगते, "मिस्त्री आले की निरोप देते." एक गृहस्थ तर "हो, आठवणीनं सांगा" म्हणून खरोखरच निघून गेले.

सांगलीतलं हे दुकान वडिलांपासूनचं. त्यांना मुलगा नव्हता आणि मला शिवणकाम जमत नव्हतं, त्यामुळे दोघांचीही सोय झाली. त्यांनी मला आधी पान्हा धरायला शिकवलं नाही, ऐकायला शिकवलं. सायकल बडबडी असते. पायडल मारताना कटकट आली तर खालच्या छर्‍यांची तक्रार, उतारावर करकर आली तर चेनची, आणि चाक फिरताना रिम डावी-उजवीकडे झोके खायला लागली की त्याला आम्ही आऊट म्हणतो. मग एकेक तार कसत नि ढिली करत चाक सरळ आणायचं. या कामाला घाई चालत नाही आणि बोलघेवडं गिऱ्हाईक तर अजिबात चालत नाही.

तेव्हा कुपवाडला पाळीवर जाणारे कामगार सकाळी दुकानासमोर रांग लावायचे. पुढे ते सगळे मोटारसायकलवर गेले. जाता जाता हात करतात, तेवढीच ओळख. मधली काही वर्षं मी अक्षरशः माश्या मारल्या आणि वडिलांचं दुकान माझ्या हातून बुडणार म्हणून मनात कुढले. आता पुन्हा सायकली आल्या आहेत, पण त्या हलक्या आणि महाग. त्यांचे मालक अंगाला चिकटलेले कपडे घालून येतात, पहाटे डोंगर चढून जातात आणि पंक्चर झालं की घरी फोन करतात. माझी काही तक्रार नाही. त्यांच्यामुळे नवे सुटे भाग सांगलीत मिळायला लागले, आणि ते मिळाले नसते तर ही गोष्टच घडली नसती.

संपादकांनी "कारकिर्दीविषयी लिहा" असं कळवलंय. कारकीर्द राजांची असते. मी एका सायकलीबद्दल लिहिते.

ती पिकअपमधून आली, ताडपत्रीखाली झाकून. सोबत एक उंच, शिडशिडीत काकी, नऊवारीतल्या. त्यांनी मिस्त्री कुठं म्हणून विचारलं नाही. माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमीच व्हय त्या सायकलवाल्या? बरं झालं. बाप्यांच्या दुकानात लय हसत्यात."

ताडपत्री काढली आणि मीही हसणार होते, कशीबशी थांबले. जोडसायकल होती. एकामागे एक दोन सीटं, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या. शहाणे लोक हिला टँडम म्हणतात. साताऱ्याच्या कँपात कुणी गोरा साहेब होता, काकींचे आजेसासरे त्याच्याकडे कामाला. साहेब जाताना ही मागे ठेवून गेला. तेव्हापासून ती गोठ्यात उभी होती आणि कोंबड्यांच्या किती पिढ्या तिच्यावर बसून गेल्या ते सीटावर स्पष्ट दिसत होतं.

"साताऱ्यात दावली," काकी म्हणाल्या. "एक म्हनला, हाटेलवाल्याला इका, दारात टांगंल. टांगायला ती काय लिंबू-मिरची हाय व्हय? मला ही चालवायची हाय, ताई. दोघांनी."

दुसरे म्हणजे त्यांचे यजमान, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांचं गाव साताऱ्याच्या अलीकडे, घरटी एक फौजी असलेलं. गावाच्या फाट्यावर रोज सकाळी सगळे पेन्शनर चहाला जमतात, आणि सुभेदार पेन्शनीत आल्यापासून रोज तिथे सायकलवरून जायचे. मग काचबिंदूनं डोळे खाल्ले. तरी ते जात राहिले, आणि एका सकाळी उसाच्या उभ्या ट्रॉलीत घुसले. मुलांनी सायकल विकून टाकली. त्या दिवसापासून सुभेदारांनी उंबरा ओलांडला नव्हता.

"मैतर न्यायाला आलं, तर त्येंना हाकललं," काकी सांगत होत्या. "हात धरून न्यायाला मी काय नवी नवरी हाय का, म्हनत्यात. पोरगा म्हनला मोटरसायकलवर मागं बसा, तर म्हनं मी काय पेंडंचं पोतं हाय? आता दाढी बी करत न्हाईत, ताई. फौजी मानूस दाढी करायचं सोडतो म्हंजे..." आणि त्या सायकलच्या हँडलवरची वाळलेली घाण नखानं खरवडत उभ्या राहिल्या.

"तुम्हाला सायकल येते, काकी?"

"फलटनची हाय मी," त्या एकदम ताठ झाल्या. "बापाची सायकल घेऊन कारखान्याच्या रस्त्यानं हिंडायची. पोरं शर्यत लावायची न्हाईत माझ्यासंगं. लगीन झालं आनि सुटलं समदं."

मी तिथेच हो म्हणून बसले. नंतर रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या.

सांगाडा मात्र अस्सल होता. लोखंड असं की वरवर खाऊन गंजच कंटाळलेला. पण साहेबाचे आटे वेगळे, छर्‍यांची मापं वेगळी. आजचा एक नट त्यात बसेल तर शपथ. जुन्या गाडीला नवे भाग बसवणं म्हणजे म्हातारीला नवे दात करणं. दात चांगले असून भागत नाही, हिरडीशी जमलं पाहिजे. कुपवाडला माझे एक लेथवाले आहेत, दत्ताभाऊ. त्यांच्याकडे मी इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी ते माझी स्कूटर दिसली की चहा सांगायचे आणि कपाळाला हात लावायचे. चाकांना दुहेरी भिंतीच्या नव्या रिमा आणि जाड तारा घातल्या, कारण वजन दोघांचं. छर्‍यांच्या जागी बंद बेअरिंग. साहेबाचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबायचा रबराचा तुकडा. तो बघून साहेब कशानं गेला असेल याचा मला अंदाज आला. तिथे डिस्क ब्रेक बसवला. सात गिअर दिले. दोन नव्या चेना.

एक भाग मात्र कळेना. मागच्या हँडलच्या बुडापासून एक लांब सळई सांगाड्याच्या कडेनं पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यापर्यंत गेली होती. आता जोडसायकलचं मागचं हँडल नुसतं धरायला असतं. वळवायचं काम पुढच्याचं, मागच्यानं पाय मारायचे. मला वाटलं, हा मधल्या काळात कुणीतरी केलेला आगाऊपणा असणार. सळई काढून भंगारात टाकली आणि मागचं हँडल पक्कं आवळून टाकलं. माझा हिशोब सरळ होता: काकी पुढे, त्यांना दिसतंय, सुभेदार मागे, पाय मारायला डोळे लागत नाहीत.

चाचणीला आमचे यजमान. ते गणिताचे निवृत्त मास्तर, अख्खी सांगली त्यांना मास्तरच म्हणते, आणि हळूहळू मीही. त्यांना मागे बसवलं आणि आम्ही हरिपूर रस्त्याला लागलो. दोन्ही पायडलं चेननं जोडलेली असतात. एकानं पाय थांबवले की दुसऱ्याच्या पायाला हिसका बसतो. आणि मास्तरांना दर वीस पावलांवर जुना विद्यार्थी भेटे. विद्यार्थी नमस्कार करी, मास्तर पाय थांबवून हात वर करीत, की माझ्या पोटरीत कळ.

"मास्तर, नमस्कार हातानं करा, पायानं नको!"

"अगं, तो कलेक्टर कचेरीत आहे!"

"असू दे की! त्याला पाय मारायला सांगा!"

चिंचांच्या झाडांखाली वेग आला आणि मला वारं लागलं. खरं सांगते, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सायकली दुरुस्त करताना मी हे विसरूनच गेले होते. मी गायला लागले. मागून मास्तरांनी सूर धरला, तोही चुकीचा. तेवढ्यात ते ओरडले, "अगं, माझं पायडल गेलं!"

"कुठं गेलं?"

"मागं राहिलं!"

जोडसायकलची एक चेन डाव्या बाजूला असते. मी पायडलचा उजव्या बाजूचा दांडा तिकडे फिरवून बसवला होता, आणि त्याचे आटे असे की जितकं चालवाल तितकं पायडल सुटत जातं. हे कुठल्याही सायकलवाल्याला कळायला हवं. मला ते रस्त्यावर कळलं. मास्तरांचा एक पाय हवेत तसाच गोल फिरत होता. आम्ही चिंचेखाली बसून पोट धरून हसलो. हळदीचा टेम्पोवाला पायडल उचलून घेऊन आला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "वैनी, ह्ये तुमचंच का बगा." दत्ताभाऊंनी उलटे आटे पाडून दिले आणि दोन दिवस मला बघून हवेत पाय फिरवून दाखवत होते.

मग काकी सुभेदारांना घेऊन आल्या. कसं आणलं कुणास ठाऊक. बहुधा दवाखान्याचं नाव सांगून. सुभेदार उंचीनं बेताचे, भरतीच्या वेळी टाचा उचलून उभे राहिले असावेत. पांढरी दाढी वाढलेली. माझ्या आवाजाकडे तोंड करून त्यांनी कडक "जय हिंद" ठोकला. नंतर सायकलवरून हात फिरवला, पुढून मागपर्यंत, सावकाश. रिमा, गिअर, ब्रेकची तबकडी. त्यांचे ओठ हलत होते.

"फस्क्लास," ते म्हणाले. "मी कुठं बसायचं?"

"मागं," मी म्हटलं. "काकी पुढं."

दोघांचे चेहरे एकदमच उतरले. सुभेदारांनी हात काढून घेतला. "मागं बसून फाट्यावर जायाचं, तर मग मोटरसायकल काय वाईट हुती?"

मी काकींकडे वळले. या तरी समजावतील असं वाटलं. तर त्या माझ्याहून ठाम. "ताई, मी त्येंच्या म्होरं न्हाई बसायची. लग्नापासनं वाटंनं चालताना बी कवा म्होरं पाऊल टाकलं न्हाई. सासूबाईंनी लावलेलं वळन हाय. मला वाटलं दोघं शेजारी-शेजारी बसायची आसत्यात."

इतकी वर्षं गोठ्यात असलेल्या सायकलीवर त्या एकदाही बसल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. ज्याला दिसत नाही तो मागे बसेना आणि जिला दिसतंय ती पुढे बसेना. मी समजावलं, रागावले, मास्तरांनी गणित मांडून दाखवलं. काही उपयोग नाही. "ऱ्हाऊ दे," सुभेदार म्हणाले. "गोठ्यात हुती तितं ठेवा." आणि काकींच्या डोळ्यांना धार लागली. सुभेदारांना ती दिसली नाही, पण त्यांनी मान फिरवली, म्हणजे ऐकू आली असावी.

मी तरातरा आत गेले, रडू येतंय असं वाटलं म्हणून. भंगाराच्या डब्यात ती सळई उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, बाहेर सायकलकडे बघितलं. पुढच्या सीटापुढची दांडी खाली वाकवलेली होती, बायकांच्या सायकलसारखी. म्हणजे पुढे मडम बसायची, घोळदार झगा घालून. आणि साहेब मागे बसून, तिच्या डोक्यावरून बघत, मागच्या हँडलनं, सळईच्या जोरावर, गाडी वळवायचा! आगाऊपणा दुसऱ्या कुणाचा नव्हता, माझाच होता. मी सळई घेऊन अशी ओरडत बाहेर आले की सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले.

"सुभेदार, तुम्ही पुढंच बसायचं! काकी मागं! आणि वळवणार काकी, मागून!"

पुढचे काही दिवस मी आणि दत्ताभाऊ येडे झालो होतो. सळईच्या दोन्ही टोकांना रिक्षात असतात तसले बॉल जॉइंट बसवले, म्हणजे हँडल लोण्यासारखं फिरावं. मागचं सीट नव्या लांब दांड्यावर इतकं उंच केलं की काकींना सुभेदारांच्या टोपीवरून सगळा रस्ता दिसावा. ब्रेक, गिअर, घंटी, सगळं मागे. आणि सुरक्षित म्हणून पुढचं हँडल मी चिमट्यापासून सोडवून सांगाड्याला पक्कं जोडून टाकलं. धरायला फक्त.

काकी-सुभेदार पुन्हा आले. सुभेदार मडमेच्या जागेवर बसले, हँडल धरलं, थोडं हलवून बघितलं. हललं नाही.

"मेलंय ह्ये," ते म्हणाले.

"तसंच ठेवलंय, सुभेदार. तुम्ही एकीकडे ओढाल, काकी एकीकडे."

काकी म्हणाल्या, "ताई, जित्तं करा."

"पडाल, काकी!"

"पडू. घरात बसून काय उभं हाय व्हय आमी?"

केलं. पुढचं हँडल पुन्हा चिमट्याला जोडलं; आता दोन्ही हँडलं एकदमच वळत. दुकानामागच्या मैदानात चाचणी. पहिल्याच वळणाला सुभेदारांनी "बाएं मुड" अशी आरोळी दिली आणि स्वतःच्या अंदाजानं हँडल डावीकडे ओढलं, काकींनी उजवीकडे, आणि सायकलनं दोघांचाही मान राखत आडवं पडणं पसंत केलं. गवत होतं म्हणून बरं. मी धावले. तेवढ्यात काकींचं हसू फुटलं, तोंडाला पदर नाही की काही नाही, मोठ्यांदा. त्यांच्या खालून सुभेदार खदखदायला लागले.

"आवं, घट्ट कशाला धरता?" काकी हसता हसता म्हणाल्या. "तव्यावरची ऊन भाकरी धरत्यात तसं धरा. नुसतं टेकवून."

दुसऱ्यांदा बसले. सुभेदारांनी तळवे नुसते टेकवले. काकींनी मागून वळवलं, तसं पुढचं हँडल त्यांच्या हाताखाली आपोआप वळलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "आता उजवीकडं वळलो," ते म्हणाले. "आता सरळ. आता... खड्डा चुकवला का गं?" रस्ता त्यांच्या हातात येत होता. मी तिथेच उभी राहून ढसाढसा रडले, आणि मास्तरांनी मला रुमाल म्हणून ग्रीसचं फडकं दिलं.

सायकल आम्ही त्यांच्या गावी पोचवली आणि मुक्काम केला. सकाळी सुभेदार बाहेर आले ते गुळगुळीत दाढी करून, मिशीला पीळ देऊन. काकींनी काष्टा घट्ट कसला, दांडीवरून टांग टाकली आणि फलटणची पोर वर चढून बसली. आम्ही मागे स्कूटरवर. सुभेदारांचं धावतं समालोचन चालू: "पार आला... आता कालव्याचा पूल... हितं उतार हाय, पाय थांबीव." बायका दारात आल्या, कुत्री भुंकत मागे धावली, एक म्हैस रस्ता सोडायला तयार नव्हती तिला काकींनी घंटी वाजवून वाजवून हलवलं.

फाट्यावर सगळे पेन्शनर बाकावर बसलेले. सायकल बघून उभेच राहिले. थांबली तशी त्यांच्यातले एक जाडजूड हवालदार पुढे आले. "सुभेदार! आपरेशन केलं का काय? दिसाया लागलं व्हय?"

मी काकींकडे बघितलं. त्यांनी मागच्या हँडलवरचे हात अलगद काढून मांडीवर घेतले होते आणि मान खाली घातली होती. नवऱ्याचा मान राहावा म्हणून त्या चक्क मागच्या सीटावरचं ओझं होऊन बसल्या.

सुभेदारांच्या हाताखालचं हँडल सैल झालं असणार. त्यांनी तोंड किंचित मागं वळवलं. "हात का काढलास? धर." मग हवालदारांना म्हणाले, "मला काय बी दिसत न्हाई, हवालदार. ही चालवती. मी म्होरं बसलोय त्ये नुसतं दावायला. आनि त्ये काय आजचं न्हाई."

कुणी हसलं नाही. हवालदारांना खरं वाटेना. ते वाकून दोन्ही हँडलांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

"पटत न्हाई? सरका समदी," सुभेदार गरजले. "चल गं, एक राऊंड मार."

"आवं, मानसं..."

"मार म्हनतो न्हवं!"

काकींनी पायडल दाबलं. फाट्याच्या मोकळ्या जागेत सायकल फिरायला लागली, पहिलं वळण घेतलं, आणि सुभेदारांनी दोन्ही हात हँडलवरून उचलून सरळ आभाळाकडे केले. एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवली. पेन्शनरांनी टोप्या उडवल्या, मास्तरांनी शिट्टी मारली, मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. हात वर केलेले सुभेदार सगळ्यांसमोरून गोल, गोल फिरत राहिले, आणि त्यांच्या टोपीवरून काकींचा लालबुंद चेहरा.

"आवं, हात खाली घ्या की! लोकं बगत्यात!"

"बगू देत," सुभेदार म्हणाले. "त्येच्यासाठनंच काढल्यात."